दहा वाजून दहा मिनिटं

उजवा हात कडीवर, डावं मनगट डोळ्यांसमोर आणि श्वास रोखलेला. उंदरांच्या खोलीच्या दाराशी अण्णा रोज असे उभे असत. सेकंदाचा काटा बारावर आला, दहा वाजून बरोबर दहा मिनिटं झाली की कडी निघायची. आत पाऊल टाकताना ते स्वतःशीच म्हणत, "वेळ म्हणजे वेळ, अष्टे."

अष्टे म्हणजे कन्नडमध्ये 'बस, एवढंच'. अण्णांचं प्रत्येक वाक्य तिथे येऊन संपायचं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला जागा उरायची नाही.

तुमच्याही शाळेत किंवा कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या येण्यावर बाकीचे आपली घड्याळं लावतात. आपण त्याला थोडं हसतो आणि त्याच्यावर सगळं टाकून निर्धास्त राहतो. मीही तशीच होते. म्हणून हे लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी म्हैसूरला एम.एस्सी. करायला आले ती सांगलीजवळच्या एका गावातून. माझे वडील हळदीच्या बाजारात पोती उचलतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वर्गातली मुलं पटापट इंग्रजीत बोलायची, आपसांत कन्नडमध्ये हसायची. मी दोन्ही भाषांत गप्प असायचे. पहिल्या महिन्यात, प्रयोगाचे उंदीर ठेवतात त्या प्राणिगृहाच्या ओसरीवर मी एकटीच डबा खात बसले होते. बाटल्या धुणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसानं माझ्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाकरी काय ग अम्मा?"

मराठी ऐकून माझा घास तोंडातच राहिला. आणि हा आजोबांच्या वयाचा माणूस मला अम्मा म्हणतोय म्हणजे काय, तेही कळेना. इथे मोठी माणसं लहान मुलींना मायेनं अम्मा म्हणतात, हे मला नंतर समजलं.

"तुम्ही मराठी?"

"आम्ही रंगारी. कुठल्या तरी पणज्याच्या पणज्यानं इथं येऊन हौद बांधला. तुमची मराठी ताजी आहे ग. आमची शिळी. शिळी असली तरी पोट भरतंय की."

सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. ते मी इथे लिहीत नाही.

त्यांच्या लहानपणी घरात कापड रंगवायचं काम चालायचं. गल्लीत त्या वेळी बारा-चौदा घरांत हौद होते, आता एकही नाही. अण्णा सांगत, घरात घड्याळ नव्हतं, पण कापड हौदात बुडवलं की मोजणी सुरू. तीनशेला काढायचं तर तीनशेलाच. तीनशे दहा झाले की रंग काळपट पडतो आणि पुढचं सगळं कापड त्याला जुळत नाही. "एकदा तीनशे वीसला काढलं. बाबानं ओल्या कापडानंच मारलं. पाठ दोन दिवस निळी." हे सांगताना ते हसत. कन्नड त्यांच्या तोंडात इतकी मुरली होती की स्वप्नंही कन्नडमध्ये पडत असतील. मोजणी मात्र मराठीतच व्हायची. पिंजरे, बाटल्या, उंदरांची पिल्लं, सगळं मराठीत.

पिल्लांना ते मरी म्हणत, कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लूच. मोठ्या उंदरांनाही मरीच म्हणत. "मरी, सर ग जरा. मरी, शेपटी अडकेल."

आता कामाबद्दल थोडं सांगते. आमचे सर डोपामीन या रसायनावर काम करायचे. हालचाल सुरू करायला मेंदूला जे लागतं त्यात हे रसायन येतं. ते कमी पडलं की उंदीर जागच्या जागी थिजतो. वाढलं की धावत सुटतो, आणि त्याची झोपायची-उठायची वेळही हलते. उंदीर रात्री जागणारे असल्यामुळे आम्ही त्यांचे दिवस उलटे केले होते. सकाळी दहाला त्यांच्या खोलीतले दिवे आपोआप विझायचे. बाहेर लखलखीत ऊन असायचं आणि आत आम्ही लाल बॅटरी घेऊन चाचपडत असायचो, कारण लाल उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही.

पहिल्या सहामाहीत मला शिकण्यासाठी एक छोटं काम दिलं होतं. डोपामीन अडवणाऱ्या औषधाची सुई द्यायची, मग उंदराचे पुढचे दोन पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि ते खाली घ्यायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. साधा उंदीर लगेच उतरतो. औषध दिलेला तसाच उभा राहतो. डोळे उघडे असतात, मिशा हलतात, पण पाय खाली येत नाहीत.

मी हातात घड्याळ घेऊन बसले होते. शेजारी अण्णा पिंजरा धरून उभे होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. उंदरानं पाय खाली घेतला तेव्हा मी बटण दाबलं.

"एकशे चार," मी म्हणाले.

"एकशे चार," अण्णाही म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"हे औषध माणसांना देतात काय ग?"

"देतात अण्णा. ज्यांना कानात आवाज येतात, भास होतात, त्यांना. तेही जपून देतात."

ते बराच वेळ त्या उंदराच्या पाठीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ असाच उभा राहायचा. एक हात हौदाच्या काठावर. गोळ्या चालू होत्या त्याच्या. आम्ही म्हणायचो, आळशी झालाय. पोरं नक्कल करायची, मीपण करायचो. एकदा बाबानं बादलीभर पाणी फेकलं त्याच्या अंगावर. तरी हलला नाही. तसाच निथळत उभा." त्यांनी उंदीर अलगद पिंजऱ्यात सोडला. "त्याला हलता येत नव्हतं होय?"

"होय अण्णा. बहुतेक."

"कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं की."

त्या दिवशी जाताना त्यांनी 'अष्टे' म्हटलं नाही.

त्यानंतर अण्णांनी माझ्यापासून लपवून एक गोष्ट सुरू केली, आणि लपवणं त्यांना जमत नव्हतं. खिशात कागदाच्या पुडीत ते कडलेपुरी आणायचे. म्हैसूरकडचे हे चुरमुरे आपल्यापेक्षा टपोरे असतात. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी आत गेल्यावर पाणी तपासायचं, तळ पाहायचा आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळीतून एकेक दाणा आत सोडायचा. बाहेरचं खाणं प्राण्यांना द्यायचं नाही, असा नियम दारावर कन्नडमध्ये लिहिलेला होता.

मी एकदा पाहिलं तेव्हा ते ओशाळले. "सुया खाणारं पोर आहे ग. एक दाणा. अष्टे."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते आवडलं होतं. त्या अंधारात पिंजऱ्यांतली धावायची चाकं एकदम थांबायची, सगळी नाकं जाळीशी यायची आणि मग कुरकुर कुरकुर असा बारीक आवाज. एवढ्या मोठ्या इमारतीत मला घरासारखा वाटणारा तेवढाच आवाज होता.

शेवटच्या सहामाहीत मला माझा स्वतःचा प्रयोग मिळाला. आठ उंदीर, आठ पिंजरे, प्रत्येकात धावायचं एक चाक. चाकाचा प्रत्येक फेरा सरांच्या खोलीतल्या संगणकात नोंदला जाणार. चौघांच्या पाण्यात डोपामीन वाढवणारं औषध, चौघांना साधं पाणी. आणि तीन आठवडे सलग अंधार. दिवे लागणार नाहीत की विझणार नाहीत. बाहेरच्या जगात किती वाजले ते उंदरांना कळायला नको. मग प्रत्येक उंदीर आपल्या आतल्या घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. साधं पाणी पिणारा रोज थोडा लवकर उठू लागतो. औषध पिणाऱ्याचं काय होतं, ते मला शोधायचं होतं. चांगलं झालं तर सर पीएच.डी.साठी शिफारस देणार होते. वडिलांनी बाजारात आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी डॉक्टर होणार, सुईवाली नाही, पुस्तकवाली.

सरांनी मला एक यादी दिली. त्यात उंदरांच्या खोलीत जायच्या रोजच्या वेगवेगळ्या वेळा होत्या. सोमवारी अकरा चाळीस, मंगळवारी सव्वातीन, बुधवारी सकाळी नऊ. "हे अण्णाला नीट समजाव," सर इंग्रजीत म्हणाले. "रोज एकाच वेळी कुणी आत गेलं तर उंदीर त्या माणसालाच घड्याळ करतात. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकायला नको."

यादी घेऊन मी ओसरीवर गेले. अण्णा बाटल्यांच्या नळ्या पुसत होते, एकेक नळी उजेडाला धरून. ज्या माणसानं आयुष्यात वेळ चुकवली नाही त्याला मी काय सांगणार होते? की तुमचा वक्तशीरपणा आम्हाला नको आहे? आमच्याकडे मोठ्यांना 'असं करा' म्हणायची रीत नाही. वडिलांना औषध घ्या म्हणायचं असलं तरी मी म्हणते, 'औषध तिथं ठेवलंय हं.'

म्हणून मी म्हणाले, "अण्णा, हे तीन आठवडे वेळ जरा मागेपुढे झाली तरी चालेल हं."

त्यांनी मान वर केली. "कुणासाठी?"

"म्हणजे... तुमच्यासाठी. रोज दहा वाजून दहालाच यायला पाहिजे असं काही नाही."

ते मोठ्यानं हसले. "माझ्या गुडघ्यांची दया आली काय ग अम्मा? बेडा, बेडा, नको. असली सूट नको मला. तुझा प्रयोग आहे. एक मिनिट इकडं तिकडं होणार नाही माझ्या हातनं."

"तसं नाही अण्णा, म्हणजे सर म्हणत होते..."

"सरांना सांग, अण्णा अजून म्हातारा झालेला नाही. आय्तु, झालं की. सांगितलंस ना तू? झालं तुझं काम."

यादी माझ्या वहीत घडी घालून राहिली. उद्या नीट सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते पावणेदहालाच येऊन दाराबाहेर बसलेले. माझा प्रयोग म्हणून नवा धुतलेला शर्ट. मनगट डोळ्यांसमोर. त्या चेहऱ्याला मी काय सांगणार? तिसऱ्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की एवढं जोरदार औषध पाण्यात आहे, त्यापुढे एका माणसाच्या येण्याजाण्याचं काय मोठं. चौथ्या दिवसानंतर ते सांगणं अशक्य होऊन बसलं, कारण मग इतके दिवस का सांगितलं नाहीस, हेही सांगावं लागलं असतं.

तीन आठवडे पुरे होईपर्यंत नोंदी उघडायच्या नाहीत, असा सरांचा नियम होता. एकविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी त्या उघडल्या. मी मागे उभी होते.

त्या चित्रात प्रत्येक दिवसाची एक आडवी ओळ असते, एकाखाली एक. उंदीर धावला की तिथे काळी खूण उमटते. रोज सुरुवात थोडी सरकत गेली तर काळा पट्टा तिरका उतरतो. आमच्या आठही चित्रांत पट्टा सरळ खाली आला होता, ओळंबा लावल्यासारखा. औषधवाले आणि पाणीवाले ओळखू येत नव्हते. सगळे दहाच्या सुमाराला चाकावर चढत होते, रोज.

सरांनी चष्मा काढला. "दहाला आत कोण जातं?"

मी पडद्यावरच्या ओळींकडे पाहत राहिले.

"रोज दहाला कोण जातं?"

"अण्णा. दहा वाजून दहाला."

"तू त्याला वेळांबद्दल सांगितलं नव्हतंस?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. आंघोळ करताना, बसमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये. उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. "सांगितलं होतं, सर."

तुम्ही म्हणाल, खोटं नव्हतं ते. मीही तेच म्हणायचे.

सरांनी अण्णांना बोलावलं. पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं, पण तोवर मला तेवढं कळू लागलं होतं.

"हिनं तुला वेळेबद्दल सांगितलं होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मायेनं हसले. "हौदु सर, होय. सांगितलं होतं."

"मग ऐकलं का नाहीस?"

"लहान आहे सर ती. माझे गुडघे बघून मायेनं बोलली. पण काम म्हणजे काम. एकवीस दिवसांत एक मिनिट चुकलो नाही मी." हे त्यांनी छाती काढून सांगितलं.

सर वाईट माणूस नव्हते. पण सांगूनही न ऐकणारा आणि वर त्याचा अभिमान धरणारा नोकर त्यांच्यासमोर उभा होता. "तू काय करून ठेवलंस, कळतंय का तुला?" ते ओरडले.

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ती गोष्ट कळली. त्यांनी हळूच खिशात हात घातला, कागदाची पुडी काढली आणि सरांच्या टेबलावर, संगणकाशेजारी ठेवली. "एकेकच दाणा देत होतो, सर. जास्त नाही."

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते पुडीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. ती माझी वेळ होती. 'सर, यांना नीट कुणी सांगितलंच नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी मनात आकडे मोजत होते, का ते माहीत नाही. एकोणचाळीसपर्यंत गेले. माझे हात कुणी दांडीवर ठेवले नव्हते, आणि मला कसली सुईही दिली नव्हती. तरी मला हलता आलं नाही.

एकोणचाळीसला सरांनी फोन उचलला. अण्णा ठेकेदाराकडून कामाला होते, तिथे बावीस वर्षं होते तरी ठेकेदाराकडूनच. त्यामुळे एका फोनमध्ये सगळं संपलं. उद्यापासून दुसरा माणूस पाठवा.

अण्णांनी लाल बॅटरी शर्टाच्या टोकाला पुसून माझ्या हातात दिली. "हिचं बटण जरा जोरात दाबावं लागतं," ते म्हणाले. आणि जिना उतरताना एकदा थांबून म्हणाले, "पाचव्या पिंजऱ्यातल्या मरीची बाटली ठिबकते. बघ हं."

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगायचंच म्हणून गेले. रंगाऱ्यांच्या गल्लीत आता शिवणाची, मोबाईल दुरुस्तीची दुकानं आहेत. अण्णांच्या घरापुढचा हौद बुजवून त्यावर कुणीतरी स्कूटर लावली होती. अण्णा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. अंगात धुतलेला शर्ट, मनगटावर घड्याळ.

"ये ग अम्मा! कॉफी घेणार?" आणि आत वळून, "अग, माझी मरीवाली आली बघ!"

त्यांच्या पत्नी कॉफी घेऊन आल्या. "बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "तूच सांग ह्यांना. दहा वाजले की शर्ट घालून दारात. गल्लीतल्या कुत्र्यांना कडलेपुरी घालतात. कुत्रं खातंय होय कडलेपुरी? वास घेतंय आणि ह्यांच्या तोंडाकडं बघतंय."

"एक खातं," अण्णा म्हणाले.

"ते आंधळं आहे."

आम्ही तिघंही हसलो. मग अण्णा कपबशीत कॉफी ओतत म्हणाले, "एका दाण्यासाठी काढलं ग अम्मा. बावीस वर्षं. माझीच चूक. नियम दारावर लिहिला होता." त्यांनी आवाज खाली आणला. "तुला बोलणी नाही ना बसली माझ्यामुळं?"

"नाही अण्णा."

"मग झालं."

तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते. पण मी काय सांगणार होते? की दाण्यासाठी नाही, तुम्ही वेळेवर आलात म्हणून काढलं? की ज्या एका गोष्टीचा तुम्हाला अभिमान आहे तीच आमच्या प्रयोगातली चूक होती, आणि ती थांबवणं माझं काम होतं? दाण्याची चूक त्यांना पचली होती. मी स्वतःला म्हणाले, त्यांना दुखवायला नको. स्वतःला वाचवतानाही मी मायेचंच कारण शोधलं.

"नवा माणूस वेळेवर येतो ना?" त्यांनी विचारलं.

"रोज वेगळ्या वेळी येतो."

त्यांनी जिभेनं 'च्च' केलं. "मरी काय करत असतील ग," ते म्हणाले, आणि बराच वेळ समोरच्या स्कूटरकडे पाहत राहिले.

प्रयोग सरांनी बंद केला नव्हता. तेच उंदीर, तोच अंधार, पुढे चालू. नवा माणूस मोबाईलमध्ये घंटा लावून यादीप्रमाणे यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, एका शब्दानंही उंदरांशी न बोलता. आणि मग पुस्तकात असावं तसं झालं. साधं पाणी पिणारे चौघे रोज थोडे लवकर उठू लागले आणि औषध पिणारे चौघे रोज थोडे उशिरा. दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर दूर तिरके होत गेले. सरांनी माझी पाठ थोपटली. मला चांगले गुण मिळाले, शिफारसपत्र मिळालं. वडिलांनी हळदीच्या बाजारात पेढे वाटले आणि पिवळ्या बोटांनी माझ्या तोंडातही एक घातला.

निकालानंतर मी पुन्हा त्या गल्लीत गेले. या वेळी नक्की सांगणार होते. घराला कुलूप होतं. शेजारच्या शिंप्यानं पाय मशीनवरून न काढताच सांगितलं, दोघं कृष्णराजनगरला लेकीकडे गेले, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, आता कशाला येतील. पत्ता त्याच्याकडे नव्हता. फोन अण्णांनी कधी वापरलाच नव्हता. कृष्णराजनगर काही लांब नाही, तासा-दीड तासात बस जाते. मी अजून गेलेली नाही.

माझ्या प्रबंधात एक ओळ आहे, 'पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी हाताळणीतील चुकीमुळे वगळल्या आहेत.' कुणाच्या हाताळणीतील, ते लिहिलेलं नाही. तशी पद्धतही नसते.

वगळलेलं ते पान मी काढून ठेवलं आहे. परीक्षकांनी ते पाहिलं नाही, सरांनीही पुन्हा पाहिलं नाही. मी मात्र भिंग घेऊन पाहिलं. सरळ उतरणाऱ्या त्या काळ्या पट्ट्यांत, दहाच्या जरा पुढे, प्रत्येक ओळीत एक बारीक पांढरी फट आहे. एकवीस दिवस, आठही चित्रांत, एकाखाली एक. त्या मिनिटाला चाकं थांबली आहेत. दाणा घ्यायला उंदीर खाली उतरले आहेत.

मग मी त्याच्या पुढचं पानही भिंगाखाली धरलं. बाविसाव्या दिवशी अण्णा नव्हते. त्या दिवशी यादीप्रमाणे नवा माणूस सव्वातीनला आला होता. तरीही दहा वाजून दहा मिनिटांनी आठही ओळींत ती फट आहे. तेविसाव्या दिवशीही आहे, आठही ओळींत, नेहमीपेक्षा थोडी रुंद. चोविसाव्या दिवशी ती फक्त पाचव्या पिंजऱ्याच्या ओळीत उरली आहे. त्यानंतर नाही.